गोवराची तारीख

लस टोचण्याच्या खोलीत मी नातीला मांडीवर घेऊन बसलो होतो. आमच्या पुढे मास्क लावलेला एक पन्नाशीचा माणूस आणि त्याची थोरली बहीण. बाळ दोघांकडेही नव्हतं.

“बाळ कुठंय?” नर्सनं विचारलं.

“हे काय, समोर बसलंय,” बहीण म्हणाली. “चौदा महिन्यांचं आहे.”

“ताई, नीट सांग.”

“नीटच सांगतेय. सिस्टर, ह्याला माझा बोनमॅरो दिला, त्याला चौदा महिने झाले. त्यात लहानपणीच्या लसी सगळ्या वाया गेल्या. आता पहिल्यापासून द्यायच्यात. ही डॉक्टरांची चिठ्ठी.”

“रक्तगट?”

“आधी बी होता. आता हिचा, ओ.”

“रक्तगट तेवढा बदलला,” बहीण म्हणाली. “जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हा मरून आला, तरी गेली नाही.”

“दंडात देऊ की मांडीत?”

“दंडात. चौदा महिन्यांचा असलो तरी पँट काढणार नाही.”

“हात सैल सोडा. झालं. गोवराची आज देता येणार नाही. ती दोन वर्षं पूर्ण झाल्यावर. म्हणजे आजपासून दहा महिन्यांनी या.”

“किती?” त्यानं विचारलं.

“दहा महिन्यांनी.”

“आमचे डॉक्टर पुढच्या महिन्यापलीकडचं काही बोलत नाहीत.”

“कार्डावर पेन्सिलीनं लिहून ठेवते. पुढंमागं झालं तर खोडता येईल.”

“खोडायचं नाही,” बहीण म्हणाली. “पेननं लिहा.”