उतरल्याचा फोन

अन्नपूर्णा मंदिराजवळच्या पोह्यांच्या ठेल्यावर माझ्याशेजारी एक वृद्ध जोडपं उभं होतं. दोघांच्या प्लेटा भरलेल्याच.

"अहो, खा ना. ठंडे होताहेत पोहे."

"पलकचा फोन येऊ दे. आज पहिल्यांदा एकटी विमान उडवतेय नात."

"एअर मार्शल होऊन रिटायर झालात, आणि घाबरताय?"

"मी वर असायचो गं. आभाळात भीती नसते, ती खाली अंगणात उभी असते."

"आत्ता कळलं? तुम्ही उतरल्याचा फोन येईतो मी घास घेत नव्हते, तर हसायचात!"

"हसायचो खरा."

"वाजला बघा!"

"हां बेटा... उतरलीस? शाबास!"

"काय म्हणतेय?"

"विचारतेय, आजीनं खाल्लं का?"

"सांगा, आत्ता खातेय. ओ पोहेवाले भिया, जिरावन मसाला अजून टाक जरा!"