राहून गेलेला काना

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले संपादकसाहेब, माइक चार वेळा ठोकून तो चालू असल्याची सर्वांची खात्री करून देणारे छपाई विभागाचे प्रमुख, आज निवृत्त होत असलेल्या आणि 'माझ्याबद्दल फार बोलू नका' अशी मघापासून खूण करणाऱ्या आपल्या अक्षरताई, त्यांच्या कन्या, छापखान्यातली सर्व मंडळी, आणि मागच्या रांगांत गळ्याला टॉवेल बांधून बसलेले आमच्या वादळस्वार वाचक मंडळाचे सभासद. टॉवेल काढून या, असं मी बजावलं होतं. असो. सर्वांना नमस्कार.

मी धंद्याने दातांची डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपण बोलत राहायचं आणि उत्तराची वाट पाहायची नाही, ही आमची सवय. तेव्हा भाषण लांबलं तर दोष माझा नाही, व्यवसायाचा आहे.

नव्या मंडळींसाठी सांगते. वादळस्वार हा याच छापखान्यातून निघणाऱ्या कॉमिकचा महानायक. चेहऱ्यावर लोखंडी मुखवटा, पायाखाली वादळ. अंक बंद पडून कैक वर्षं झाली, पण आमचं मंडळ काही बंद पडत नाही. एका अंकात त्याला दोन्ही हात डावेच काढले होते, त्यावर आम्ही तीन बैठका घेतल्या. त्याचा हिरवा झगा मध्येच तपकिरी का झाला, यावरून आमचे दोन सभासद आजही एकमेकांशी बोलत नाहीत. हिरवी शाई संपली होती, हे उत्तर प्रमुखसाहेबांनी आत्ताच चहाच्या वेळी दिलं. आता त्या दोघांना कोण सांगणार?

आणि ताई? चित्रांतल्या फुग्यांत जे जे कुणी बोललं, ते ताईंच्या हाताने बोललं. नायकाचं गरजणं, खलनायकाचं खदाखदा हसणं, 'धडाड' आणि 'खळ्ळकन' सुद्धा. कॉमिक बंद झाल्यावर त्याच टेबलावर त्यांनी शाळांची प्रमाणपत्रं लिहिली. त्यांचं स्वतःचं नाव मात्र कुठल्याही अंकात कधी छापलं गेलं नाही. लेखकाचं आलं, चित्रकाराचं आलं, संपादकाचं तर मुखपृष्ठावर आलं. अक्षरं लिहिणारीचं नाव अक्षरांत नाही, याला काय म्हणावं?

आता तो प्रसिद्ध अंक. इमारतीला आग लागली आहे, माणसं अडकली आहेत, आणि शेवटच्या पानावर धुरातून वादळस्वार उभा. पानभर अक्षरं: 'थांबा! मी आले!'

'आलो' नाही, 'आले'.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. घरी थोरला भाऊ वादळस्वार व्हायचा आणि मला पाण्याच्या पिंपाला बांधून ठेवायचा, कारण वाचवायला कुणीतरी लागतंच. तो अंक मी पिंपाशी बसूनच वाचला. ही चूक आहे, असं माझ्या मनातही आलं नाही. एवढ्या मोठ्या अक्षरात चूक कोण करतं? मुखवट्याआड बाई आहे! मी भावाला म्हटलं, "दोरी सोड. आजपासून तू बांधून घ्यायचंस." तो म्हणाला, "का म्हणून?" मी पान पुढे धरलं. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं आणि मुकाट्याने पिंपाशी जाऊन बसला. आयुष्यात वाद असा एका फटक्यात मी पुन्हा कधीच जिंकले नाही. माझ्या लग्नानंतर तर नाहीच नाही.

पुढे त्या पानाबद्दल लेख आले, चर्चासत्रं झाली. नायकाला नायिका करण्याचा तो धाडसी निर्णय संपादकसाहेबांचा, असं लिहिलं गेलं. साहेबांनी ते नाकारलं नाही. साहेब, आपला विनय सर्वांना ठाऊक आहे, त्या एका बाबतीत तो जरा कमी पडला, इतकंच.

गेल्या आठवड्यात ताई दाढ दाखवायला आल्या होत्या. भुलीचं इंजेक्शन देऊन मी सहज म्हटलं, "ताई, तो निर्णय झाला तेव्हा तुम्ही तिथे होता का हो?" ताई अर्ध्या बधिर तोंडाने म्हणाल्या, "कछला निल्णय?" आणि हसू लागल्या. मग मी आयुष्यात पहिल्यांदा हत्यारं खाली ठेवून पेशंटचं ऐकलं.

झालं होतं असं. ताई ते पान लिहीत होत्या. मुलगी जिन्यातून हाका मारत होती, "आई, चल ना!" ताई ओरडल्या, "आले, आले!" आणि तोंडातलं हातात उतरलं. काना राहून गेला. तपासणारे मुद्रितशोधक स्वतःच्याच लग्नाला गेले होते. अंक बाजारात.

साहेब भडकले. त्यांनी पुढच्या अंकासाठी स्वतः वाक्य लिहून दिलं: 'मघाशी माझी जीभ घसरली. मी आलो, असं म्हणायचं होतं.' विचार करा, मागे इमारत जळतेय आणि महानायक व्याकरण सुधारतोय!

ते पान टेबलावर घेऊन ताई बसल्या. खाली फाटकाशी गलका होता. खिडकीतून पाहिलं, तर वादळस्वारासारखा झगा म्हणून गळ्याला टॉवेल बांधलेल्या मुली पहारेकऱ्याला विचारत होत्या, "काका, ती आत आहे का?" ती! ताई म्हणाल्या, "मी खिडकी लावून घेतली. नोकरी जाईल हे कळत होतं, घरात कमावणारी मी एकटी. मग ते वाक्य बाजूला ठेवलं आणि फुग्यात लिहिलं, 'आले आहे ती परत जायला नाही!'"

मी विचारलं, "म्हणजे चूक की मुद्दाम?"

ताई म्हणाल्या, "पहिला काना चुकून राहिला, डॉक्टर. दुसरा मी दिला नाही."

छापून झाल्यावर साहेबांनी ते पाहिलं. पण अंक दुपारपर्यंत संपले होते, आणि संपलेल्या अंकावर कोण रागावणार? धाडसी निर्णयाचा जन्म हा असा. मुद्रितशोधक लग्नाहून परतले तेव्हा नायिका चांगली रुळली होती.

मला हे ऐकून रडू आलं. पेशंटसमोर डॉक्टर रडलेली बरी दिसत नाही, पण आलं खरं.

आता मुद्द्याचं. त्या दोन अंकांची विशेष आवृत्ती आज इथे प्रकाशित होते आहे. पहिल्या पानावर पुन्हा तीच तीन नावं. साहेब, ताईंचं नाव कुठे आहे?

काय म्हणालात? माइकवर या ना. बरं, मी सांगते. अध्यक्ष म्हणताहेत, "पानं छापून झाली, आता काय करणार?" प्रश्न रास्त आहे. पण ज्या बाईने पानंच्या पानं हाताने लिहिली, तिचं नाव यंत्रानेच छापलं पाहिजे असं थोडंच आहे? दौत आणि टाक मी पर्समध्ये घालून आणला आहे. प्रती त्या टेबलावर आहेत. ताई, मान हलवू नका. तुमचं नाव, तुमच्या हाताने, संपादकांच्या नावाच्या वर. वर जागा नाही? मग शेजारी.

एक मिनिट. साहेब उठलेत. साहेबांनी स्वतःची प्रत ताईंपुढे उघडून धरली आहे आणि म्हणताहेत, "शेजारी नको, वरच लिहा. मी सरकतो."

साहेब, आपले मनापासून आभार. मला बोलू देणाऱ्या छापखान्याचे, आईला हाका मारणाऱ्या ताईंच्या कन्येचे आणि निमूटपणे बांधून घेणाऱ्या माझ्या भावाचेही आभार. भरात मी कुणाला उणंअधिक बोलले असेन, तर आपलीच समजून पोटात घाला.

आणि कृपा करून आत्ता टाळ्या वाजवू नका. ताई लिहिताहेत, हात हलेल.