आठवा नॉब

शिवणयंत्राच्या घरघरीनं कान बधिर झाले म्हणून शिंपीकाकू तपासणीला आल्या होत्या. पण शेजारच्यांचं बोलणं त्यांना नेहमीच स्पष्ट ऐकू यायचं. आताही शेजारी एक बाप आणि त्याची मुलगी येऊन बसले. बापाच्या मांडीवर आठ नॉबचा पत्र्याचा डबा होता.

"बाबा, डबा कशाला आणलात?"

"डॉक्टरांना दाखवायला. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेत मी. कान ठणठणीत आहेत, दोष डब्यात आहे."

"आपण दोघांनी जोडलाय तो. दर ठोक्याला ओळीनं एकेक नॉब माझ्या कीबोर्डचा सूर बारीक, तीक्ष्ण करतो नाहीतर दबका. आठही चोख चालतात."

"आठव्याला बारीक सूर उमटतच नाही! म्हणून तर तो शेवटपर्यंत पिळला."

"हो ना. काल आमच्या बँडच्या तालमीत दर आठव्या ठोक्याला सगळ्यांनी कान झाकले."

"सगळ्यांनी?"

"ड्रमवाल्यानंसुद्धा."

"...कार्यक्रम कधी आहे म्हणालीस?"

"शनिवारी."

"मग आठवा तू लाव. बाकीच्या सातांना हात लावशील तर याद राख."

"नाही लावत. बाबा, तुमचा नंबर आला."

"हं, धर हा डबा. आत नुसते कान न्यायचेत."