ओवून ठेवलेल्या सुया

"परगावी शेजार जोडून ठेव," हे आईचं बजावणं मृण्मयीने कधी मनावर घेतलं नव्हतं. आज मैसूरच्या दवाखान्यात ती बाळाच्या लशीसाठी थांबली होती. मागच्या बाकावर एकमेकींच्या शेजारणी असलेल्या दोघी कानडी मिसळलेल्या मराठीत बोलत होत्या.

"अंबुबाई, दिसत नाही आणि इथेही गोधडी शिवता?"

"सुई ओवता येत नाही ग, टाका बोटांना कळतो. नात शाळेला जाताना दहा सुया ओवून ठेवायची. दहा संपल्या की काम बंद."

"ती तर हॉस्टेलला गेली ना?"

"जाताना साठ ओवून गेली! भात शिजेपर्यंत मी एक संपवते. नोडु सुष्मा, बघ, कुठे वाकडा आहे टाका?"

"इल्ल, कुठेच नाही! उरल्या किती?"

"दोन. काठ तेवढा राहिलाय."

मृण्मयीला आईचं बजावणं आठवलं आणि ती त्यांच्याकडे वळली.

तुमच्या ओळखीत अशी कुणी एकटी असेल, तर आज डोकावून या. सुया उरल्यात का, विचारा.