पुलाखालचा सैनिक

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ बसले होते. आत त्यांच्या आईचं ऑपरेशन चाललं होतं.

"पाय हलवू नकोस रे. सगळा बाक हलतोय."

"अजून किती वेळ, ताई?"

"आत्ता तर नेलंय आईला. अजून तोच लढाईचा गेम खेळतोस का?"

"खेळतो, पण आता त्यात राम राहिला नाही. बंदुकीचा आवाज मात्र अजून एक नंबर, नव्या गेममध्ये तसा नाही. पण तोच पूल, तीच पडकी शाळा. ऑनलाइन खेळणारी माणसं सोडून गेली, उरले सगळे बॉट."

"म्हणजे?"

"कॉम्प्युटरच चालवतो ते सैनिक. रिकाम्या जागा भरायला. आणि काय मठ्ठ असतात! एक तर रोज पुलाखाली नुसता उभा. गोळी झाडत नाही, लपत नाही. मी आधी त्याला उडवतो, मग पुढे जातो."

"काही करत नाही बिचारा, तर मारतोस कशाला?"

"सवय. तेवढाच हात साफ होतो."

"काल त्याने हात हलवला, तरी मारलंस."

"अगं, बॉटच तो, त्याला काय... थांब. हात हलवला हे तुला कुणी सांगितलं?"

"मला गोळी झाडता येत नाही रे अजून. हात हलवायचं बटण तेवढं कालच सापडलं."

"ताई?"

"फोन तू उचलत नाहीस. म्हटलं, तिथे तरी रोज दिसशील."

बाक हलायचा थांबला.