अल्पशा आजाराने नव्हे

मंडळी, इथे आखातात मिळणारा सुट्टीचा एकच शुक्रवार सोडून तुम्ही आलात. सित्राहून कंपनीच्या बसने आलात. बरं वाटलं. बोलायला उठले आहे. आणि खरं सांगते, दुःखापेक्षा संतापानेच जास्त.

आपला मिलिंद गेला. मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये एसी दुरुस्त करायचा. जयंतीला मंडप बांधायला पहिला, जेवायला शेवटचा. ग्रुपवर मेसेज फिरतोय, "अल्पशा आजाराने दुःखद निधन." अल्पशा? दिवाळीच्या आधीपासून खोकत होता तो! तुमच्यासमोर, माझ्यासमोर खोकत होता!

टीबी होता त्याला. टीबी. घ्या, बोलले मी.

मी नर्स आहे. घरी जेवायला आला तेव्हा म्हटलं, "मिलिंद, थुंकी तपासून घे." हसला. "ताई, एसीची धूळ आहे. सुट्टीत गावी करतो, इंशाल्ला." दिवाळीत नांदेडला गेला, परत आला. तपासणी? "पोरांमध्ये वेळच नाही मिळाला." मी चिडले. तेव्हा हळूच म्हणाला, "ताई, टीबी निघाला तर व्हिसा खलास. मग घर कोण चालवणार?"

या भीतीला मी हसणार नाही. पण तिला खतपाणी कोणी घातलं? कोणी काढा दिला, कोणी कफ सिरप, कोणी म्हणालं, "कुठे बोलू नकोस." सल्ला द्यायला त्याच्यासोबत राहणारी अख्खी खोली. दवाखान्यात सोबत जायला? मफी, कुणी नाही!

तोंडातून रक्त पडलं तेव्हा नेलं. फार उशीर झाला होता. अहो, गोळ्यांनी बरा होणारा आजार! नेमाने घ्यायच्या, मध्येच सोडायच्या नाहीत. आजच्या काळात तरणाताठा माणूस याने जावा?

काल त्याच्या बायकोचा, आशाचा फोन आला. "ताई, ते दिवाळीत पोरांजवळच झोपायचे. आजार काय होता, मला कुणी सांगेना. तुम्ही तरी सांगा." मी सांगितलं. मग म्हणाली, "सकाळीच पोरांना तपासायला नेते. आणि तिथं सभेत आजाराचं नाव घ्या. लाज कसली त्यात?"

नवऱ्याची राख अजून निवली नाही, आणि ही बाई पोरांना घेऊन दवाखान्यात निघाली. आणि आपण? मागे त्याच्या खोलीतले बसलेत. तपासून आलात कुणी? काय म्हणालास, संजय? मोठ्याने बोल. "आम्ही ठणठणीत आहोत"? मिलिंदही हेच म्हणायचा रे! उद्या शिफ्ट सुटली की सगळे चला. मी येते बरोबर. मान डोलावू नकोस, तोंडाने हो म्हण.

म्हणाला. ऐकलंत सगळ्यांनी.

आता उभे राहू या. मिलिंदसाठी थोडा वेळ शांत राहू, मनातून त्याला वंदन करू. आणि मध्येच कुणाला खोकला आला, तर तोंडावर रुमाल धरा. पण दाबू नका.