आमच्या ग्रंथपालबाईंचा बुधवार

आजच्या समारंभाचे माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले आणि मघापासून मनगटावरच्या घड्याळाकडे न बघण्याची सभ्यता पाळणारे सन्माननीय पाहुणे, वाचनालयाचे चिटणीस, कार्यकारिणीची सगळी मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे आपल्या निवृत्त होणाऱ्या ग्रंथपालबाई, बाईंचे यजमान, त्यांची लेक, आणि खुर्च्या संपल्या म्हणून कपाटांना टेकून उभ्या असलेल्या माझ्या वाचक बंधुभगिनींनो! कपाटांना टेकू नका. बाई बघतायत.

अध्यक्षांनी मला 'थोडक्यात बोला' असं बजावलंय. मी मोटार चालवायला शिकवते. त्यामुळे ब्रेक कुठे असतो ते मला पक्कं ठाऊक आहे. तो दाबला जाईल की नाही, याची हमी मात्र देत नाही.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या सेवेचा उल्लेख केला, शिस्तीचा केला, नव्या इमारतीसाठी त्यांनी केलेल्या खटपटीचा केला. सगळं खरं आहे. पण मला जे सांगायचंय ते मागच्या खोलीत घडलं. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे जिथे ठेवतात ना, ती खोली. तिला एकच खिडकी आहे आणि पंखा आहे, पण त्याच्या मनात असेल तरच फिरतो.

आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल, बाईंना मुलं पाठीमागे 'श्शबाई' म्हणतात. पाठीमागे कसलं, आता बाईंच्या लेकीनंच मघाशी माझ्या कानात सांगितलं की घरीसुद्धा म्हणतात. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं की वर्तमानपत्रांच्या टेबलावरचं राजकारण जागच्या जागी थांबायचं. माझी आणि त्यांची ओळख अशीच झाली. माझा आवाज हा असा. दिवसभर शेजारच्या सीटवरून 'आरसा बघा, आरसा! क्लच सोडू नका!' ओरडल्यावर आवाजाचं दुसरं काय होणार? मुलांची पुस्तकं परत करायला आले की बाई नुसतं बघायच्या, आणि मी न बोलताच खाली मान घालायचे.

आमच्या सासऱ्यांना मात्र त्या कधी गप्प करायच्या नाहीत. बाबांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुपारी दुकान बंद करून ते इथे यायचे आणि फक्त रहस्यकथा न्यायचे. अर्धं पुस्तक झालं की काउंटरवर वाकून हळूच खुन्याचं नाव सांगायचे. बाई होही म्हणायच्या नाहीत आणि नाहीही म्हणायच्या नाहीत. बाबा घरी येऊन चिडायचे, "चेहऱ्यावरची रेघ हलू देत नाही ही बाई!" आणि उरलेलं पुस्तक रागारागानं वाचून काढायचे. इतका आनंद मी माणसाला दुसऱ्या कशातही होताना पाहिलेला नाही.

मग बाबांचे डोळे गेले. पूर्ण नाही. कडेचं दिसायचं, पण जिथे बघावं नेमकं तिथेच धुरकट डाग. डॉक्टर म्हणाले, हे आता असंच राहणार. घड्याळजीला बारीक काटा दिसेना, वाचणाऱ्याला ओळ दिसेना. बाबांनी दुकानातली अवजारं त्यांच्या शागिर्दाला देऊन टाकली. भिंग आणून पाहिलं, मोठा दिवा आणून पाहिला. शेवटी अर्धं राहिलेलं एक पुस्तक घेऊन ते इथे आले आणि काउंटरवर ठेवून म्हणाले, "बाई, माझं नाव कमी करा."

बाई म्हणाल्या, "त्याला चिटणिसांची सही लागते. ते गावाला गेलेत."

चिटणीससाहेब, तुम्ही कुठेही गेला नव्हता. वरच्या मजल्यावर पोटमाळ्याचं दार दुरुस्त करून घेत होता. माफ करा, पण आज हे सगळ्यांसमोर सांगायची परवानगी मला बाईंनी दिलीय.

घरी बाबा भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. जेवायला बोलावलं की यायचे, दोन घास खाऊन उठायचे. काही विचारलं की 'हं'. माझ्या यजमानांनी फोनवर पुस्तक ऐकायची सोय करून दिली. बाबांनी थोडा वेळ ऐकलं आणि फोन परत दिला. म्हणाले, "खून झाला तरी हा माणूस हवामानाच्या बातम्या दिल्यासारखा वाचतोय." नंतर पुन्हा भिंत. माझे यजमान एकदा स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, "बाबा घरात आहेत आणि नाहीतही गं."

त्याच आठवड्यात मी मुलांची पुस्तकं द्यायला आले. बाईंनी मला हाताने जवळ बोलावलं. मला वाटलं, आता आवाजावरून काहीतरी ऐकून घ्यावं लागणार.

"बुधवारी दुपारी मोकळ्या असता का?"

"का हो?"

"मोठ्यानं वाचायचंय."

"कुणी?"

"तुम्ही."

"मी? इथे? बाई, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"सासऱ्यांना घेऊन या," बाई म्हणाल्या. "पुस्तक बदलायला उशीर करणारा माणूस परत येतो, मला त्याची काळजी नसते. पण नाव कमी करा म्हणून गेलेला माणूस तसाच राहिला की हळूहळू सगळ्यातूनच नाव काढून घेतो. मी असे दोघे-तिघे पाहिलेत."

बाबांना बाहेर काढायचं कसं? मी सरळ थाप मारली. म्हटलं, "चिटणिसांच्या सहीच्या वेळी पुन्हा स्वतः यावं लागतं, बाई म्हणाल्यात." बाबा तावातावानं निघाले. रस्ताभर वाचनालयाच्या कारभारावर भाषण! मी मनात म्हटलं, चला, निदान बोलले तरी.

मागच्या खोलीत बाईंनी खुर्च्या मांडल्या होत्या. तिथे तान्ह्या बाळाला मांडीवर घेतलेल्या एक ताई होत्या. दोन्ही हात बाळात गुंतलेले, पुस्तक धरणार कशानं? आणि बुधवारी साप्ताहिक सुट्टी असलेले एक बस ड्रायव्हर होते. त्यांना वाचायला आवडायचं, पण बसलं की झोप लागायची.

"मी सहीसाठी आलोय," बाबा म्हणाले.

"चिटणीस येतील. तोवर बसा की," असं म्हणून बाईंनी माझ्या हातात पुस्तक दिलं. बाबांनी अर्ध्यावर सोडलेलं तेच. एका बंदरावर खून होतो आणि धुक्यामुळे बोट सुटत नाही, अशी गोष्ट होती. बाबा जिथे थांबले होते ते पानसुद्धा बाईंनी काढून ठेवलं होतं.

मी सुरुवात केली, आणि अशी केली की ते बाळ दचकून रडायला लागलं. मी काही वाचत नव्हते, माणसं चौकातून वळवत होते! पान उलटते तेवढ्यात बाबा म्हणाले, "अगं हळू. एवढ्या आवाजानं खुनी पळून जाईल."

खोलीत सगळे हसले. मला मात्र हसता येईना, कारण बाबांची थट्टा ऐकून किती दिवस झाले होते ते माझं मला माहीत होतं. मी आवाज उतरवला आणि वाचत गेले. प्रकरण संपलं. बाबा खुर्चीच्या टोकावर आले होते.

"पुढे?"

"पुढे पुढच्या बुधवारी," बाई म्हणाल्या.

सहीची आठवण कुणालाच झाली नाही.

असा आमचा बुधवार सुरू झाला. ड्रायव्हरसाहेब कधीच झोपले नाहीत. बाळ मात्र नेमकं खुनाच्या वेळी गाढ झोपायचं. माणसं वाढत गेली. वर अभ्यास करणारी परीक्षेची पोरं 'पाच मिनिटं' म्हणून यायची आणि पुस्तकं वरच विसरायची. बाबा आता मंगळवारपासूनच तयारीला लागायचे. घरी जेवताना संशयितांची चर्चा. माझ्या मुलानं एकदा विचारलं, "आजोबा, भाजी आवडली का?" तर म्हणाले, "बोटीवरची ती बहीण काहीतरी लपवतेय."

आणि मग तक्रार आली. वर्तमानपत्रांच्या टेबलावरच्या मंडळींनी अर्ज केला की, वाचनालयात मोठ्यानं वाचणं हा शांततेचा भंग आहे. पहिली सही आमच्या वकीलकाकांची. ते पाहा, दुसऱ्या रांगेत बसलेत आणि मान हलवून 'सांगा, सांगा' म्हणतायत. काकांचं म्हणणं तसं चूक नव्हतं. शांतता हवी म्हणूनच माणूस इथे येतो. बाईंना दोन्ही बाजू पटत होत्या. कार्यकारिणीनं ठराव केला की, चालू पुस्तक संपल्यावर हा उपक्रम बंद करावा. बाईंनी तो आम्हाला वाचून दाखवला.

बाबाच म्हणाले, "मग सावकाश वाचा."

सावकाश म्हणजे किती सावकाश! मी एकेक वाक्य दोनदा वाचलं. आधी ताईंना बाळ रडल्यावर राग यायचा, आता त्या बाळ रडायची वाट बघायच्या, तेवढंच वाचन थांबेल म्हणून. तरी पुस्तकच ते, कधीतरी संपणारच. तो बुधवार आला. बंदरावरच्या खानावळीत इन्स्पेक्टर सगळ्यांना एकत्र बोलावतो. दार लावून घेतो. म्हणतो, 'खुनी याच खोलीत आहे.' मी पान उलटलं, आणि समोर पुठ्ठा.

शेवटची पानं नव्हती. कुणीतरी फाडून नेलेली.

आता तुम्हीच सांगा, माणूस अशा वेळी ओरडणार नाही तर काय करणार? सगळेच ओरडले. ड्रायव्हरसाहेब खुर्चीवरून उठले. बाळानं भोकाड पसरलं. त्या गोंधळात दार उघडलं आणि वकीलकाका लालबुंद होऊन आत आले.

"काय चाललंय काय हे?"

"शेवटची पानं गेली हो!" बाबा म्हणाले.

काकांचा चेहरा उतरला. "त्या बंदराच्या पुस्तकाची?"

"तुम्हाला कसं माहीत?"

काका जी खुर्ची मिळाली तिच्यावर बसले. "माझी जागा या भिंतीला लागून आहे," ते म्हणाले. "पहिल्यापासून ऐकतोय. निम्मं कळतं, निम्मं कळत नाही. डोक्याला नुसता ताप! ऐकू द्यायचं तर नीट ऐकू द्या, नाहीतर बंद करा, एवढंच माझं म्हणणं होतं. आणि खुनी डॉक्टर आहे."

"डॉक्टर?" बाबा उसळले. "छे! बहीण आहे ती!"

मग जी जुंपली! बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, तर दोघंही म्हणाले, "बाई, एक मिनिट थांबा." हे या वास्तूत पहिल्यांदाच घडलं असावं. भांडण ओसरल्यावर मीच म्हणाले, आता काय, आजपासून बंद. तेव्हा काका उभे राहिले. कोर्टात उभे राहत असतील तसे. "ठरावाचे शब्द काय आहेत? पुस्तक संपल्यावर. पुस्तक संपलंय का? नाही. म्हणजे ठराव लागू होत नाही. पुढच्या बुधवारी दुसरं पुस्तक घ्या, हे चालूच धरू."

मंडळी, त्या एका मुद्द्यावर आम्ही किती पुस्तकं वाचली असतील! प्रवासाची वाचली, शिकारीची वाचली, एक तर बागकामाचं वाचलं.

पानं कुणी फाडली यावर अजूनही वाद आहे. काहींचा संशय बाईंवर आहे. बाई नाही म्हणतायत बघा. पानाचा कोपरा दुमडला तरी ज्यांचा जीव कासावीस होतो, त्या पानं फाडतील? मी तरी विश्वास ठेवणार नाही.

उलट, बाई त्या पुस्तकाची दुसरी प्रत शोधत होत्या. गावोगावच्या वाचनालयांना विचारत होत्या. एका बुधवारी त्यांनी टेबलावर पार्सल ठेवलं. शेवट वाचायचा, म्हणजे पुस्तक संपणार. ताई म्हणाल्या, "राहू दे ना बंदच." बरेच जण हो म्हणाले.

बाबांनी पार्सलावरून हात फिरवला. "वाचा," ते म्हणाले. "मला खुनी कळला पाहिजे. इथे बंद झालं तर वाचनालयासमोरच्या बाकावर बसू. सूनबाई तिथून वाचेल, तिचा आवाज चौकापर्यंत जातो."

हा तोच माणूस, जो भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले, दुसरं काही करता येत नव्हतं.

"थांबा," वकीलकाका म्हणाले आणि जिना चढून चिटणिसांकडे गेले. धापा टाकत परत आले. "अर्ज मागे घेतला. आता काय ते वाचा." त्यांच्या मागोमाग चिटणीसही आले आणि दाराशी उभे राहिले. म्हणाले, "मीही ऐकेन म्हणतो."

मी पुस्तक उघडलं, तर बाबा म्हणाले, "आज बाईंनी वाचावं."

बाईंनी कधी मोठ्यानं वाचलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि वाचायला लागल्या. इतक्या हळू की सगळी खोली पुढे झुकली. डॉक्टर नव्हता. बहीणही नव्हती. खुनी निघाला खानावळीचा मालक, ज्याच्याकडे आम्ही कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. बाई थांबल्या. बाबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "भलताच शेवट! म्हणूनच कुणीतरी पानं फाडली असणार!" आणि वकीलकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दुजोरा दिला.

ठराव पुढच्याच बैठकीत रद्द झाला. आता ती खोली अपुरी पडते, म्हणून आपण बुधवारी इथे, या हॉलमध्ये बसतो. ते बाळ जिन्यावरून पळतं आणि ओरडा खातं. परीक्षेची पोरं नोकरीला लागली, सुट्टीला आली की एखादं प्रकरण वाचून जातात. बाबा आणि वकीलकाका रोज बरोबर येतात, कारण रोज भांडायला माणूस लागतो.

असो. ब्रेक दाबते. अध्यक्ष महोदयांनी मला इतका वेळ सहन केलं, पाहुण्यांनी हसून साथ दिली, कार्यकारिणीनं मला बोलायची संधी दिली, खुर्च्या लावणाऱ्यांनी सकाळपासून घाम गाळला, या सगळ्यांची मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं गुपित बाहेर पडलं असेल, विशेषतः चिटणीससाहेब आणि वकीलकाकांचं, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

आणि बाई, तुम्ही आम्हाला इतकी वर्षं पुस्तकं दिलीत, पण स्वतः खुर्चीत निवांत बसून ऐकलेलं मी एकदाही पाहिलं नाही. मध्येच उठून काउंटरवर जायचं, खिडकी लावायची, कुणाला पाणी द्यायचं. येत्या बुधवारी नवं पुस्तक सुरू होतंय. कुठलं ते तुम्ही निवडायचं. पहिल्या रांगेत, मधली जागा तुमची. कुलूप उघडायला दुसरं कुणीतरी येईल. तुम्ही फक्त या, बसा, आणि ऐका.